जोडीदाराची डबी

स्वीडनमधल्या उमेओच्या विद्यापीठात तंबाखू सोडणाऱ्यांच्या गटात नियमच होता, आपली डबी जोडीदाराकडे ठेवायची. माझे जोडीदार, निवृत्त प्राध्यापक सिक्स्टेन यांनी स्नूस तंबाखूची डबी माझ्या हातावर ठेवली. "पोरी, मागितली तरी देऊ नकोस हं!" मग रोज दुपारी स्वारी ग्रंथालयात माझ्या टेबलापाशी हजर. "दे ना गं, ओठाखाली ठेवायला एकच पुडी." "फुटा, म्हातारबुवा!" ते हसायचे आणि तासभर गप्पा मारत बसायचे. फेब्रुवारीत ते यायचे थांबले. सुटली एकदाची म्हाताऱ्याची तंबाखू, म्हणून मी खूश होते. शुक्रवारी त्यांची बहीण अंत्यविधीचं सांगायला आली. मी डबी तिच्यापुढे ठेवली. "रोज मागायचे, पण शेवटपर्यंत दिली नाही मी." तिनं डबी उलटी केली. तळावरची तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती. "वहिनी गेली तेव्हाच सोडली की त्यानं," ती म्हणाली. "मग रोज काय मागायचा?"