विहिरीपाशी काय बोलणं झालं

"नीट विचार तिला," कॅप्टन लेनर्ट म्हणाला. "मुलगा कुठं आहे?"

झालेस्ये गावची सगळी माणसं विहिरीपाशी उभी केली होती. आदल्या दिवशी रानात लपून लढणाऱ्यांनी रेल्वेचा रूळ उडवला होता. आघाडीच्या मागचे रूळ आणि गावं धाकात ठेवायला जर्मन सैन्याने सुरक्षा डिव्हिजन नेमली होती. तिचे शिपाई आता माणसं हुडकत आले होते. याद्विगा इथल्याच शाळेत जर्मन शिकवायची. तिला दुभाषी म्हणून धरून नेलं, त्याला वर्ष होत आलं होतं.

"अवगिन्याकाकू, पिलिप कुठाय विचारतायत."

म्हातारी उसळली. "रानात आहे! रूळ त्यानंच उडवला. सांग तुझ्या धन्याला, उद्या त्याचंही मुंडकं उडवेल! आणि तू गं भवाने, त्यांचे तुकडे खाऊन माजलीस होय?"

शेजारणीने तिची शाल ओढली. उशीर झाला होता.

"काय म्हणते?" कॅप्टनने विचारलं.

याद्विगा कॅप्टनकडे वळली. "म्हणते, मुलगा गेल्या हिवाळ्यात टायफसने गेला."

"मग एवढी ओरडते कशाला?"

"मला शिव्या देतेय. तुमची चाकरी करते म्हणून."

शिपाई खो खो हसले. कॅप्टनलाही हसू आलं. थोड्या वेळाने गाड्या गावातून निघाल्या. याद्विगा गाडीत चढताना म्हातारी तिच्या तोंडावर थुंकली. तिने बाहीने गाल पुसला. खरं कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. एक शब्द फुटला असता तर अख्खं गाव जळालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात जर्मन हटले, लाल सेना आली. याद्विगा पळाली नाही. जर्मनांची चाकरी केली म्हणून तिच्याच शाळेत तिची चौकशी बसली.

"मी मुद्दाम खोटं सांगायचे त्यांना," ती म्हणाली.

"साक्षीदार?" चौकशी अधिकाऱ्याने विचारलं.

तिथे जर्मन कळणारं दुसरं होतंच कोण?

मागच्या बाकावरून अवगिन्या उठली. याद्विगाने डोळे मिटून घेतले.

"आजी, तुम्हाला जर्मन येतं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"एक अक्षर येत नाही, कॉम्रेड. पण त्या दिवशी मी काय बोलले ते मला ठाऊक आहे. आणि मी जिवंत आहे."