पाठीवरची अकरा बकलं

"किती बोटं?" तिने विचारलं.

"दोन," हेल्मेटमधून आवाज आला, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा.

"तीन आहेत. एक पाऊल पुढे टाकलंस तर स्टुलावर आदळशील."

चष्म्याच्या दुकानात दिवसभर ती लोकांना हेच विचारायची, हे दिसतंय का, आता दिसतंय का. घरी येऊन पुन्हा तेच. काळ्या काचेचा हट्ट नवऱ्याचा. बाहेरून डोळे दिसले तर परग्रहावरच्या सैनिकाचा रुबाब काय राहणार, म्हणे.

वेशभूषा स्पर्धेसाठीच्या या चिलखताचं प्रकरण आठ महिने चाललं होतं. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून आला की चहा पिऊन थेट फरशीवर बसायचा. व्यायामशाळेत अंथरतात तसल्या फोमच्या मॅट, कटर, फोम तापवून वाकवायची हीटगन आणि चपला चिकटवायचं सोल्युशन. छाती सोफ्यावर, मांड्या जेवणाच्या टेबलावर, हात बाथरूमच्या दाराला टांगलेले. पाहुण्यांना बसवायचं कुठे हा प्रश्नच नव्हता, कारण पाहुणे येईनासे झाले होते. वासाने तिचं डोकं उठायचं, पण तिने तोंडातून ब्र काढला नाही.

खरं तर एकदा कडाक्याचं भांडण झालं असतं तर बरं, असं तिला वाटे. भांडायलाही आत काहीतरी शिल्लक लागतं. नवरा वाईट नव्हता. हात उगारणं नाही, व्यसन नाही, वाकडा शब्द नाही. पण "जेवलीस का" आणि "दार लावलंस का" यापलीकडे दोघांत बोलणं उरलं नव्हतं, आणि त्या शांततेने ती पार थकून गेली होती. जायचं, हे तिने दोन महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं. मैत्रिणीच्या गावी खोली बघून ठेवली होती. घोडं अडलं होतं ते या चिलखतापाशी.

चिलखताला पाठीमागे अकरा बकलं होती. घालणाऱ्याचा हात तिथे पोचायचा नाही, मागे दुसरं माणूस लागायचंच. खालून वर एकेक बकल लावताना दर वेळी तिच्या मनात यायचं, माझ्याशिवाय याला हे अंगावरसुद्धा चढवता येत नाही. मग जायचा धीर व्हायचा नाही. शेवटी तिने तोड काढली. स्पर्धा होऊ दे. तो मंचावर असेल, टाळ्या वाजत असतील, तेव्हाच निघायचं. तोंडावर सांगणं तिला जमणार नव्हतं.

"खांद्यात फार सैल आहे रे. एक पट्टी कापू का?"

"नको नको. आत हवा खेळायला पाहिजे."

"आणि हा आवाज? तू बोलतोयस की मिक्सर, काही कळत नाही."

"तेच तर पाहिजे," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "तू शेवटपर्यंत थांबशील ना? निकाल अगदी शेवटी लावतात."

"थांबेन की."

"मध्येच उठू नकोस. तू तिथे बसलेली असलीस की..."

बिचाऱ्याला बायकोचं कौतुक हवंय आणि आपण नेमकी त्याच वेळी पाठ फिरवणार.

शनिवारी त्याने फरशी घासली, वर्षभर गळणारा नळ दुरुस्त केला आणि हीटगन पेंटरला देऊन टाकली. पेंटर म्हणजे त्याचा जुना मित्र, दुकानांच्या पाट्या रंगवणारा आडदांड गडी. चिलखताला चंदेरी रंग त्यानेच दिला होता. काम संपलं की पुरुषांना घर आठवतं, असं म्हणून तिने तो विषय मनातून काढून टाकला.

रविवारी दुपारी बाराला दोघे मित्र चिलखत घेऊन निघाले.

"बकलं कोण लावणार?" तिने दारातून विचारलं.

"पेंटर आहे ना. पुरुषांच्या खोलीत तुला कोण सोडणार?"

तिला सुटल्यासारखं झालं, आणि थोडं वाईटही वाटलं. तो जिन्यात क्षणभर घुटमळला. मग खाली गेला.

सभागृहात धाकटी नणंद तिच्या शेजारी बसली होती. चंदेरी सैनिकाचा नंबर शेवटून दुसरा होता. तो धाड धाड पावलं टाकत मंचावर आला, थेट तिच्याकडे बघून हात उंचावला आणि मिक्सरच्या आवाजात गुरगुरला. लोकांनी हसून सभागृह डोक्यावर घेतलं. "दादा! दादा!" नणंद खुर्चीवर चढायची बाकी होती. तिचे मात्र डोळे भरून आले. किती वर्षांनी तिला नवरा देखणा वाटला होता. आणखी एक मिनिट बसले तर पाय निघणार नाही, हे तिला कळलं.

"पाणी घेऊन येते," असं नणंदेला सांगून ती उठली.

वीस मिनिटांत ती घरी पोचली. चार वेळा लिहिलेली चिठ्ठी तिने टेबलावर ठेवली आणि ती उडू नये म्हणून वर पेला ठेवला. घरात मोठी बॅग एकच होती. स्टूल ओढून तिने माळ्यावर पाहिलं, तर बॅग नव्हती. पलंगाखालीही नव्हती. मग तिने कपाट उघडलं. तिचे कपडे होते तसे होते. नवऱ्याचा कप्पा मात्र खाली अंथरलेल्या कागदापर्यंत रिकामा होता.

तेवढ्यात फोन वाजला. मागे टाळ्यांचा कडकडाट चालला होता.

"वहिनी, अगं आहेस कुठे?" नणंदेला हसू आवरत नव्हतं. "दादाला पहिलं बक्षीस मिळालंय! फोटोसाठी सगळे खोळंबलेत, आणि हा शहाणा काही केल्या हेल्मेट काढायला तयार नाही!"