उपयोगाची वस्तू

चिनीमातीच्या साच्यावर सपाट काच ठेवून ती भट्टीत वाकवायची आणि घरात लागणाऱ्या वस्तू करायच्या, हे बायकोचं काम. 'घरचंच तर आहे' म्हणत त्या ऑफिसात वाटून टाकायच्या, हे नवऱ्याचं. ट्रे गेले, वाडगे गेले. तिनं आपल्या आईसाठी केलेली फळांची थाळीही त्यानं परस्पर देऊन टाकली, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्याच दिवशी स्वारीची नवी फर्माईश.

"रविवारी साहेबांकडे जायचंय. एक साबणदाणी कर."

"काच संपलीये."

"घरात काचेला काय तोटा? घे कुठलीही आणि वाकव. फक्त उपयोगाचं कर. शोकेसमध्ये नुसतं धूळ खात पडणारं साहेबांना आवडत नाही."

"कुठलीही घेऊ?"

"दहादा काय विचारतेस? काच ती काच."

तिनं साच्यावर काच ठेवली, भट्टी लावली आणि पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावला नाही.

रविवारी साहेबांनी खोका उघडला. "वा वहिनी, अगदी उपयोगाची वस्तू," म्हणत त्यांनी साबणदाणी उजेडात धरली आणि तळाशी कोरलेली अक्षरं वाचू लागले.



"'वर्षातील सर्वोत्तम कर्मचारी'... अहो, हे तर मीच दिलं होतं तुम्हाला."