तिसऱ्या मजल्यावरची रेंज

"मग बिबट्याने गच्चीवरच्या पापडाला तोंड लावलं आणि..." एवढ्यावर माझा चेहरा पडद्यावर थिजायचा. वायफायचा डबा तळमजल्यावर, माझी खोली तिसऱ्यावर. वर येईपर्यंत त्या रेंजला माझ्यासारखीच धाप लागायची. मग कॅनडातली लेक पुन्हा फोन लावायची. "अप्पा, पुढे काय झालं?" आठवड्याचा एकच फोन, पण एक बिबट्या मी तासभर पुरवायचो.

थोरल्या मुलाला माझी दया आली. त्याने माणूस बोलावून प्रत्येक मजल्यावर एकेक पांढरी डबी बसवून घेतली. म्हणाला, "आता बोला हवं तेवढं."

रविवारी बिबट्या आला, पापड खाल्ले, वर लोणचं मागितलं आणि जिन्याने निघून गेला. चार मिनिटांत गोष्ट संपली. चित्र इतकं स्वच्छ की लेकीच्या कानाजवळचे पिकलेले केस मला पहिल्यांदाच दिसले.

"भारीच होता हा बिबट्या," ती हसली. "बरं अप्पा, ठेवू आता?"

मी तोंड अर्धं उघडं ठेवलं, हात हवेत धरला आणि तसाच थिजलो. पापणीसुद्धा लवू दिली नाही. पंचाईत एवढीच, की माझ्या पाठीमागे टेबलफॅन मजेत मान फिरवत होता.

तिने त्या पंख्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची ओढून बसली.

"अडकलात वाटतं, अप्पा. असू दे. मी थांबते."