आठव्या मजल्याची हाक

दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं, म्हणून सकाळभर फक्त कीबोर्ड बोलतो. नव्या इमारतीच्या लिफ्टचा सी भाषेतला प्रोग्रॅम आज चालवून बघायचा होता. माझा मोठा भाऊ तिथला मेकॅनिक. तो लिफ्टपाशी ताटकळत होता.

सगळ्या फाइली नीट कंपाइल झाल्या, पण त्या एकत्र जोडणारा लिंकर अडून बसला. ‘आठवा मजला’ नावाच्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या तुकड्याला, कोणीतरी हाक मारतंय आणि ते कुठेच सापडत नाही, असं त्याचं म्हणणं.

इमारत सात मजली आहे. मी ओळ न् ओळ धुंडाळली. आठ कुठेच नव्हता.

शेजारच्या टेबलावरचे काका, आमच्यातले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर, हसले. “हाक आहे आणि ओ नाही, एवढंच ना? त्या नावाचं रिकामं फंक्शन लिहून टाक. लिंकरही मौन धरेल.”

मन मानत नव्हतं, पण बोलता येईना. मी लिहिलं. प्रोग्रॅम जुळला, लिफ्टवर चढवला.

दादा मला फोन लावून आत शिरला. माझ्या पडद्यावर मजले सरकू लागले. पाच. सहा. सात. आठ.

“अगं, दार उघडलं,” फोनवर दादा म्हणाला. “इथे दिवे आहेत की! थांब, कोणीतरी बोलावतंय मला.”

साडेअकराच वाजले होते. “दादा, उतरू नकोस!” मी ओरडले.

पलीकडून दार मिटल्याचा आवाज आला.

मी घाईघाईने ते रिकामं फंक्शन पुसलं आणि फाइली पुन्हा जोडल्या. हाकेला पुन्हा ओ उरली नव्हती, म्हणजे आता चूक यायलाच हवी होती.

लिंकर काहीच बोलला नाही. आता कोणी हाक मारत नव्हतं.