साहेबांसाठी लॉक

पालीहून वाडीवर चढणाऱ्या कच्च्या रस्त्यावर भागोजीची जीप दर पावसाळ्यात रुतायची. मागचं एक चाक चिखलात गरगरायचं आणि दुसरं ढिम्म हलायचं नाही. शहाऐंशीच्या श्रावणात त्याची बायको हिरा अडली, तेव्हाही तेच झालं. बाळ हाती लागलं नाही.

हेलपाटे घालून घालून वाडीने पुढच्या वर्षी भर पावसात रस्त्याचे साहेब एकदाचे पाहणीला आणले. पाहुण्याला चिखलात उतरवायचं कसं, म्हणून भागोजीने मिरजोळ्याच्या मिस्त्रीला गळ घातली आणि दोन्ही चाकं एकदम फिरवणारा दुसऱ्या जीपचा लॉक आपल्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये एका दिवसापुरता बसवून घेतला. जीप कुठेही न अडता थेट खळ्यात आली.

ओटीवर चहा घेत साहेब हसले. "गाडी तर झक्कास चढली की, भागोजी! रस्त्याच्या नावाने उगाच ओरड करता तुम्ही लोक."

"सायब, ती त्या लॉकमुलं..." भागोजी बोलेपर्यंत साहेब छत्री उघडून उठलेसुद्धा.


कप उचलायला आलेली हिरा पुन्हा पोटुशी होती, आणि लॉक संध्याकाळी परत द्यायचा होता.