घोड्याच्या मानेवरची रेघ

“तुमच्या नावावर घेतला हा घोडा, आणि दुसऱ्याच बाराला याची मान मोडली!” जेराल्दीनने बंदुकीच्या घोड्याचा तुटका तुकडा मार्सलँच्या हातावर आपटला. ही टपाल वाटणारी बाई यंदाच जुन्या लढाया हुबेहूब वठवणाऱ्या त्यांच्या हौशी पलटणीत भरती झाली होती. सम्राटाच्या शिपायाचा निळा कोट अजून कोरा करकरीत, पण गाल मात्र चिरलेला. सरावात तुकडा उडून लागला होता. डोळा थोडक्यात वाचला, एवढंच नशीब.

गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या जुन्या बंदुकांचे भाग नव्याने घडवणारा मार्सलँ तुकडा उलटसुलट करत राहिला. लोखंड भुसभुशीत होतं, बिस्किटासारखं. असला माल आपल्या भट्टीतून जन्मात निघायचा नाही, असं तो म्हणणार, तोच त्याचं बोट घोड्याच्या मानेवर अडलं. तिथे केसाएवढी उभी रेघ होती.

ती रेघ त्याच्या बापाची. साचा कोरताना म्हाताऱ्याची कानस घसरली होती. तेव्हापासून त्या साच्यातला प्रत्येक घोडा ही रेघ घेऊनच निघायचा आणि मार्सलँ ती घासून काढल्याशिवाय घोडा विकायचा नाही. साच्यातली खोच बुजवायला मात्र त्याचा हात धजायचा नाही. बापाचं तेवढंच उरलेलं.

“विकला कुणी तुला?”

“रेमीने. म्हणाला, मार्सलँचा आहे, डोळे झाकून घे.”

रेमी, रांगेतला त्याचा वीस वर्षांचा सोबती! हिवाळ्यात तोच हा साचा घेऊन गेला होता. शाळेतल्या पोरांना दाखवतो म्हणाला, आणि चार दिवसांनी धुवूनपुसून परत आणून दिला. वर वाइनची बाटलीसुद्धा!

रेमी छावणीतल्या चुलीपाशी मसुरीचं पातेलं ढवळत बसला होता. मार्सलँने तुकडा त्याच्या नाकासमोर धरला. रेमीने तो पाहिला, जेराल्दीनचा गाल पाहिला आणि पळी खाली ठेवली.

“अरे, एका घोड्याला तू आठवडा लावतोस. नव्या लोकांनी काय काठ्या घेऊन लढायचं? बाहेरून ओतून आणले थोडे. त्यात एवढं काय?”

“मग स्वतःच्या नावाने विकायचे होतेस.”

“माझ्या नावाने कोण घेणार?” रेमी हसला. चक्क हसला! “तुझं नाव म्हणजे आपल्या दोघांचंच की रे.”

केसाने गळा कापला, आणि वर म्हणे दोघांचंच! मार्सलँचे कान तापले.

तेवढ्यात नगारा वाजला. पलटण रांगेत उभी राहिली. रेमी नेहमीप्रमाणे मार्सलँच्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला, जणू काही झालंच नाही. मैदानात उतरण्याआधी प्रत्येकाने शेजाऱ्याच्या नळीत लोखंडी गज सोडायचा, तळाशी खणकन वाजला की नळी रिकामी, असा रिवाज. जुने सोबती मात्र गज काढतसुद्धा नसत. एकमेकांच्या वतीने नुसतं “साफ” म्हणून मोकळे होत. या दोघांनी तर वीस वर्षांत एकदाही गज काढला नव्हता.

“मार्सलँ साफ!” रेमी ओरडला.

आता मार्सलँची पाळी. तो बोलेना. रांग तपासत येणारा नायक थांबला. मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं.

मार्सलँने आपला गज उपसला. “नळी पुढे कर.”

“काय रे, म्हाताऱ्या...”

“पुढे कर.”

सगळी रांग माना वळवून बघायला लागली. रेमीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, पण त्याने नळी पुढे केली. गज तळाशी जाऊन खणकन वाजला. नळी साफ होती.

मार्सलँने गज बाहेर काढला, आणि पुन्हा एकदा आत सोडला.